चौथं पान

स्क्रीनवर ‘कुंदाताई’ हे नाव दिसलं, म्हणून मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून हसतच फोन उचलला. दोन आठवडे हॉस्पिटलमध्ये असलेल्या बाईच्या हातात फोन आला म्हणजे तब्येत सुधारली असणार, असा मी हिशेब केला होता. पलीकडून मधुकररावांचा आवाज आला. “ही गेली,” ते म्हणाले. “सकाळी.” आणि मग काहीच नाही. फोन चालू होता, त्यांचा श्वास ऐकू येत होता, माझ्या खिडकीबाहेर लॉनवरचे फवारे गोल फिरत होते आणि त्या पाण्यात एक बगळा पाय उचलून उभा होता. मधुकरराव मी काहीतरी बोलावं म्हणून थांबले होते, की त्यांनाच पुढचं सुचत नव्हतं, कोण जाणे... माझ्या तोंडावर आलं होतं, “कळलं.” पण तो शब्द मी गिळला. तो शब्द त्या घरात फार वापरून झाला होता.

त्याला आता सहा आठवडे झाले. कुंदाताई माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठ्या, सख्ख्या ना चुलत, फक्त चार घरं पलीकडे राहणाऱ्या. तरी अजून दुपारी तीन वाजले की माझी नजर आपोआप रस्त्याकडे जाते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, दुपारी तीन वाजता. आम्ही नुकतेच अमेरिकेत, शुगर लँडला राहायला आलो होतो. जुलै महिना. ह्या गावात जुलैच्या दुपारी पायी चालणारा माणूस दिसला, तर त्याची गाडी तरी बंद पडलेली असते किंवा तो स्वतः तरी हरवलेला असतो. रस्ता उन्हानं वितळल्यासारखा हलत होता आणि त्या हलत्या उजेडातून एक जांभळी छत्री हळूहळू माझ्याकडे येत होती. छत्रीखाली निळी सुती साडी आणि पायांत पांढरे बूट. मला क्षणभर वाटलं, आपल्याला ऊन लागलंय. तेवढ्यात एक गाडी त्यांच्याजवळ थांबली, काच खाली झाली, कुणीतरी इंग्रजीत “राइड हवी का?” विचारलं. त्यांनी मान हलवली आणि छत्री पुढे सरकली. मी धावत गेले. “काकू, तुम्ही मराठी ना?” त्या हसल्या. “ताई म्हण. काकू म्हटलं की मला माझ्या सासूबाई आठवतात.”

त्यांना गाडी येत होती, हे मला फार उशिरा कळलं. लायसन्ससुद्धा काढलं होतं. एकदा गाडी मागे घेताना घराच्या टपालपेटीला धक्का लागला, पेटी वाकडी झाली. मधुकररावांनी ती स्वतः सरळ केली आणि गाडीच्या किल्ल्या आपल्या टेबलाच्या खणात ठेवल्या. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मधुकररावांनी कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही, म्हणून तर कुणाला काही दिसलं नाही. सगळ्या पार्ट्यांमध्ये ते सज्जन म्हणून ओळखले जात. तेलकंपनीत पाइपलाइनचे नकाशे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती आणि रिटायर झाल्यावरही खिशात लाल पेन असायचं. किराण्याच्या यादीवर ते चालायचं, मुलीला पाठवायच्या पत्रावर चालायचं. “कुंदाताई, कशा आहात?” असं कुणी विचारलं, तर “बरी आहे ती,” असं उत्तर ते द्यायचे. हॉटेलात “तिला तिखट चालत नाही,” म्हणून त्यांच्यासाठी फिकं सूप मागवायचे. माझ्या घरी हीच बाई मिरचीचा ठेचा बोटानं चाटून खायची.

आणि ते कुणाचंच, त्यातून कुंदाताईंचं तर कधीच, पूर्ण ऐकून घ्यायचे नाहीत. वाक्य अर्ध्यावर आलं की हात वर करायचे, ट्रॅफिक पोलिसासारखा, आणि म्हणायचे, “कळलं पुढचं.” एवढ्या गोड आवाजात म्हणायचे, की बोलणाऱ्यालाच आपण फार पाल्हाळ लावलं असं वाटावं. मी एकदा त्यांना माझ्या ऑपरेशनबद्दल सांगत होते, तेही त्यांना पुढचं कळलं होतं.

आमच्या गटाची सुरुवात त्या छत्रीतूनच झाली. कुंदाताईंना चालत येण्याजोगं घर एकच, माझं. मग मी, कुंदाताई, पलीकडच्या गल्लीतल्या लता मावशी आणि दोन नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुली, अशा पाच जणी शनिवारी दुपारी जमायला लागलो. एक कादंबरी ठरवायची, वाचायची आणि तिच्यावर बोलायचं. मधुकररावांनी परवानगी दिली, कारण बायका जमून गोष्टी वाचतात ह्यात त्यांना धोका दिसला नाही. कुंदाताई खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायच्या, मांडीवर पुस्तक, पुस्तकात जागोजागी किराण्याच्या पावत्यांच्या खुणा. पहिले दोन-तीन शनिवार त्या नुसत्या ऐकत होत्या. मग एके दिवशी हळूच म्हणाल्या, “हे म्हणतात...”

आम्ही सगळ्या त्यांच्याकडे वळलो. “हे म्हणतात, ती बाई शेवटच्या प्रकरणात घर सोडून जाते असं आपल्याला वाटतं. पण ती पहिल्या प्रकरणात जेवताना बोलायची थांबली ना, तेव्हाच ती गेली होती. नंतर फक्त बॅग भरायची राहिली होती.”

त्या कादंबरीवर आम्ही तासभर वाद घातला होता आणि हे कुणालाच सुचलं नव्हतं. मग दर शनिवारी आम्ही त्या दोन शब्दांची वाट बघायला लागलो. हे म्हणतात, लेखकानं ह्या बाईला रडवलं कारण तिला काय बोलायला द्यावं हे त्याला सुचलं नाही. हे म्हणतात, प्रेमळ नवऱ्याच्या गोष्टीत नवरा किती वेळा ‘माझी’ म्हणतो ते मोजून बघा. मी खरंच मोजलं होतं. मी घरी नवऱ्याला म्हणालेसुद्धा, “यार, तो मधुकर वरून एवढा कोरडा दिसतो, पण आतून काय वाचतो माणूस!”

आता मला स्वतःच्या डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटतो. आपल्याकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ‘हे’ म्हणतात, आणि ‘हे म्हणतात’ म्हटलं की त्याच्या मागे खराखुरा कुणीतरी माणूस उभा आहे असं आम्ही सरळ धरून चाललो. मराठी कानाला दुसरं काही सुचलंच नाही. त्या खुर्चीत बसून कुंदाताईंनी एक नवरा रचला होता. शहाणा, वाचणारा, बाईचं मन ओळखणारा, वाक्य पुरं होऊ देणारा. त्याच्या आडून त्या बोलत होत्या. एवढं मोठं कथालेखन आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि आम्ही चहाचे कप उचलत होतो.

मी नागपूरची. पोटात काही ठेवणं मला जमत नाही. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, फराळाच्या रांगेत, मधुकरराव माझ्यापुढे उभे होते. मी चकलीची प्लेट सांभाळत म्हणाले, “काका, ते तुमचं मत आम्हाला काय आवडलं हो! ती बाई पहिल्या प्रकरणातच गेली होती, ते.” मागे कुंदाताई होत्या. त्यांच्या हातातला चमचा वाटीवर वाजला, तेवढाच आवाज. मधुकरराव माझ्याकडे बघत राहिले, मग मान किंचित वळवून त्यांनी बायकोकडे बघितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण शेजारी मंडळाचे अध्यक्ष उभे होते आणि ते म्हणाले, “अरे वा मधुकरराव, छुपे रुस्तम! आता मराठी भाषा दिनाला ह्या कादंबरीवर तुमचंच भाषण.” मधुकररावांनी गळा साफ केला. “हो,” ते म्हणाले, “म्हणालो असेन मी तसं.”

त्यानंतर जांभळी छत्री रस्त्यावर दिसली नाही. एक शनिवार गेला, दुसरा गेला. फोन केला तर तो स्पीकरवर असायचा आणि मधुकरराव म्हणायचे, “ती कामात आहे.” पाचव्या आठवड्यात मी सरळ जाऊन बेल वाजवली. मधुकरराव दाढी करत होते, म्हणून दार कुंदाताईंनी उघडलं. बोटांना शाई लागली होती. मी रडायच्या बेतात होते. “ताई, मी काय करून बसले...” त्यांनी माझा दंड धरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “अगं, भाषण लिहितेय. ह्यांचं.” मला भयंकर राग आला. म्हणजे आता मतंही त्यांची, भाषणही त्यांचं, आणि हमाली हिची! पण त्या हसत होत्या. त्यांचं तसं हसणं मी आधी पाहिलं नव्हतं, शाळेत बाकाखाली काहीतरी लपवलेल्या मुलीसारखं. आतून हाक आली आणि दार लागलं.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. बाहेर पावसाळी ढग, आत एसी इतका की बायकांनी साड्यांवर स्वेटर चढवलेले. मधुकरराव कोट घालून स्टेजवर गेले, खिशातून चार कागद काढले आणि वाचायला लागले. सुरेख वाचत होते. पहिल्या तीन पानांना लोकांनी टाळ्या दिल्या. कुंदाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत, आणि त्यांचे ओठ हलत होते. मधुकररावांनी चौथं पान वर घेतलं.

“ही कादंबरी मी तीनदा वाचली,” त्यांनी वाचलं. “पहिल्यांदा संपली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले...”

सभागृहात खसखस पिकली. ते थबकले, चष्मा वर केला. “उभा राहिलो,” त्यांनी दुरुस्त केलं. “आणि नळ सोडून रडले... रडलो.” आता हशा मोठा झाला. मधुकरराव आणि स्वयंपाकघरात रडणार! मराठीत क्रियापदाचं एक टोक बदललं की बाईचा पुरुष होतो, तेवढं टोक ते धावपळ करत बदलत होते. पण पुढचं वाक्य तसं बदलता येण्यासारखं नव्हतं. ते त्यांनी ओघात वाचून टाकलं. “तेवढ्यात ह्यांनी बाहेरून विचारलं, पाणी कशाला वाया घालवतेस?”

हशा एकदम थांबला. ‘ह्यांनी’... ह्या शब्दाला कुठली दुरुस्ती करणार? स्टेजवर ‘हे’ स्वतःच उभे होते. मधुकरराव कागदाकडे बघत राहिले. सभागृहातले दीड-दोनशे लोक कुंदाताईंकडे बघायला लागले. आता ह्या बाईचं काय होणार, घरी गेल्यावर काय होणार, हे सगळं माझ्या एका चकलीच्या प्लेटमुळे...

कुंदाताई उठल्या. पांढरे बूट घालून मधल्या वाटेनं चालत स्टेजवर गेल्या. माइक त्यांच्या डोक्याच्या वर होता, तो खाली करायचं कुणालाच सुचलं नाही, शेवटी लता मावशी उठून गेल्या आणि त्यांनी तो खाली केला. मधुकररावांनी कागद पुढे केला नाही आणि कुंदाताईंनी मागितलाही नाही. “पुढचं मी सांगते,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक होता, मागच्या रांगांना नीट ऐकूही गेला नसेल. “मी इतके दिवस सगळ्यांना सांगत होते, हे म्हणतात, हे म्हणतात. हे काही म्हणत नाहीत. ते मीच म्हणते.” आणि मग पाठ असलेलं सगळं चौथं पान त्यांनी म्हटलं, एकही शब्द न चुकता. मधुकरराव बाजूला उभे होते, हातात कागद धरून. त्यांना मध्येच हात वर करायला जागा नव्हती.

दोन आठवड्यांनी छत्री पुन्हा माझ्या दाराशी आली, तेव्हा त्या रात्री घरी जाताना गाडीत काय झालं, हे मी विचारलं. काहीच नाही, त्या म्हणाल्या. घरी गेल्यावर? काहीच नाही. नऊ दिवस मधुकरराव बोलले नाहीत. “पहिल्यांदा घरात इतकी शांतता होती नीलिमा, की मला माझे विचार ऐकू यायला लागले.” आणि मग त्यांनी मला ते चौथ्या पानाचं सांगितलं. सबंध भाषण त्यांनी आधी स्वतःच्याच शब्दांत, बाईनं बोलावं तसं लिहिलं होतं. मधुकररावांनी लाल पेन घेऊन ‘म्हणते’चं ‘म्हणतो’ केलं, ‘गेले’चं ‘गेलो’ केलं, अनुस्वार तपासले. तिसऱ्या पानाच्या शेवटी आले आणि कागद परत देऊन म्हणाले, “कळलं पुढचं. फेअर करून ठेव.”

“मला माहीतच होतं,” कुंदाताई म्हणाल्या. “तेहतीस वर्षांत त्यांनी माझं चौथं पान कधी वाचलं नाही.” आणि त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळे पुसायला त्यांना माझी ओढणी लागली.

त्यानंतरचे सहा-सात वर्षांचे शनिवार मला आता एकाच लांब दुपारीसारखे आठवतात. खिडकीतून येणारं पिवळं ऊन, वेताची खुर्ची आणि त्यात ‘मी म्हणते’ असं स्पष्ट म्हणणारी बाई. दुसऱ्यांच्या कादंबऱ्या मागे पडल्या. त्या स्वतः गोष्टी लिहायला लागल्या. निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायच्या, आणि ती वही घरात मधुकररावांच्या नजरेस पडू द्यायच्या नाहीत. त्यांच्या गोष्टींत फारसं काही घडायचं नाही. एक बाई दार उघडते. एक बाई हॉटेलात स्वतःसाठी तिखट मिसळ मागवते आणि ती येईपर्यंत तिला घाम फुटतो. ऐकताना आमच्या हातातला चहा गार व्हायचा.

गोष्टींतल्या बायका धीट होत गेल्या, आणि मला वाटायचं, आता ही जाणार. किल्ल्या मात्र खणातच होत्या, छत्री रस्त्यावरच होती. एकदा मी चिडून विचारलं, “ताई, तुम्ही त्यांना सोडत का नाही?” “घर सोडायला गाडी लागते गं इथं,” असं म्हणून त्यांनी आधी मला उडवून लावलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मला आत्ता कुठे बोलता यायला लागलंय, नीलिमा. ज्यानं इतकी वर्षं ऐकलं नाही, तो समोर नसेल तर मी कुणाला ऐकवू?” मला हे पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण ते त्यांचं म्हणणं होतं, दुसऱ्या कुणाच्या नावावर न घातलेलं, म्हणून मी तो विषय पुन्हा काढला नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटची भेट झाली तेव्हा त्यांच्या घशात नळी होती. एवढ्या खटपटीनं मिळवलेला आवाज आणि त्यावर ही नळी... मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडून आले. त्यांनी जेवणाच्या मेन्यूच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, “निळी वही. पिठाच्या डब्यामागे. ह्यांच्या आधी तू घे.” मी मान हलवली. वचनच दिलं म्हणा.

आणि ते मी पाळलं नाही. आधी घर माणसांनी भरलेलं होतं, मग त्यांची मुलगी इरा शिकागोहून येऊन राहिली होती. मी तिला वहीबद्दल हळूच सांगितलं, तर तिचे डोळे मोठे झाले. “ममा लिहायची? लाइक, स्टोरीज? मावशी, शी वॉज ऑल्वेज सो क्वाएट...” मी वही शोधायला जायचं ठरवत होते आणि रोज एक कारण काढत होते. खरं कारण एकच, मधुकररावांसमोर उभं राहायची मला भीती वाटत होती. मग इरा परत गेली. आणि एका दुपारी मला उमगलं, की आता त्या घरात स्वयंपाक मधुकरराव करत असणार. पोळी करायची तर पीठ घ्यावं लागणार, आणि पीठ घ्यायचं तर डबा पुढे ओढावा लागणार...

मी तशीच निघाले. चार घरं, पायी, तीन वाजताच्या उन्हात, छत्री न घेता. वाटेत माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. निळी वही आणि तिच्यावर चाललेलं लाल पेन. ‘कळलं पुढचं’ म्हणून पहिल्या तीन पानांनंतर मिटून टाकलेली.

त्यांच्या दाराशी आले आणि बेलवर बोट ठेवणार, एवढ्यात आतून आवाज ऐकू आला. पुरुषाचा, खरखरीत, अडखळत वाचणारा. स्वयंपाकघराची खिडकी दारालगतच आहे आणि तिचा पडदा अर्धा सरकवलेला होता. टेबलावर पिठाचा डबा होता, झाकण उघडंच. लाल पेन होतं, टोपण लावलेलं. मधुकरराव एकटेच बसले होते, अर्धवट पाठमोरे, समोर पहिल्याच पानावर उघडलेली निळी वही, आणि त्यांचं पिठानं माखलेलं बोट ओळीवरून सरकत होतं. रिकाम्या स्वयंपाकघरात ते मोठ्यानं वाचत होते.

“गाडी थांबली. काच खाली झाली. मी छत्री मिटली नाही. मी... म्हणाले, तुम्ही पुढे व्हा. मी चालत येते.”

म्हणाले. येते. मी कान देऊन उभी होते, पण त्यांनी दुरुस्ती केली नाही. “मी चालत येते,” त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, जरा हळू.

बेलकडे नेलेलं माझं बोट खाली आलं. ह्या माणसाला मी माफ केलंय असं अजिबात नाही. हे सगळं समोर खुर्चीत बसून ऐकायला मिळावं म्हणून ती बाई चाळीस वर्षं त्या घरात थांबली होती, आणि आज तिथली खुर्ची रिकामी होती. मी वही न घेताच परत फिरणार होते. पण पाय निघेना. आतून पान उलटल्याचा आवाज आला, मग वाचन, मग पुन्हा पान. मी मोजत होते. पीठ लागलेल्या बोटांनी मधुकररावांनी चौथं पान उलटलं, आणि ते पुढे वाचू लागले.